चपलांची रांग आणि फकीरभाईचा भोवरा

गर्दी कशी जमवावी हे माझ्याकडून शिकावं! पुढाऱ्यांना गाड्या पाठवाव्या लागतात, पुरीभाजी वाटावी लागते, तरी मागच्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. मी आमच्या सोनाळ्यात नुसत्या चपलांवर गर्दी जमवली. चपलाही बहुतेक जुन्याच. एकीचा तर अंगठा तुटलेला होता. आणि गर्दी अशी, की तिला पाहायला सरकारी जीप आली!

पण आधी भोवऱ्याचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी चपलांचं काय घेऊन बसली.

आमच्या लहानपणी फकीर मोहम्मद यांची खराद म्हणजे गावाचं तीर्थक्षेत्र होतं. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला गोलाई देणारं यंत्र. फकीरभाईंना तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती आणि मी परकर खोचून पोरांमध्ये भोवरा खेळत होते. आजची मुलं ज्याला कस्टमाइज म्हणतात, त्याला आम्ही फर्माईश म्हणायचो. बाभळीचा की सागाचा, पोट जाड की बारीक, लाखेचे पट्टे कोणत्या रंगाचे, खालची आर, म्हणजे लोखंडी खिळा, कशी, सगळं तुमच्या मनासारखं! दोन पोरांचे भोवरे एकसारखे निघाले असं कधी झालं नाही. जळगाव जामोदहून पोरं बापाच्या मागे लागून बैलगाडीने फर्माईश सांगायला यायची.

पुढे प्लॅस्टिकचे भोवरे आले. फकीरभाई बाजेचे पाय करू लागले. मग लोखंडी पलंग आले. शेवटी खरादीवर कोंबडी अंडी घालू लागली, आणि फकीरभाई ती अंडी मोठ्या अदबीने उचलून घेत, जणू तेही गिऱ्हाईकच!

त्या उन्हाळ्यात त्यांची नात नाजिश कॉलेजच्या सुटीत घरी आली आणि तिने खरादीला तेल घातलं. "दादाजान, भोवरा पुन्हा काढू. आर बदलता येईल, वरचं डोकं बदलता येईल, पट्टे ज्याचे त्यानं निवडायचे." फकीरभाईंनी त्याच संध्याकाळी पटाशीला धार लावली.

तिचा बाप कलीम मात्र खराद भंगारात काढायला निघाला होता. त्याला त्या जागेत मोबाइल रिचार्जचं दुकान टाकायचं होतं. मलकापूरचा भंगारवाला मतीन शुक्रवारी टेम्पो घेऊन येणार हेही ठरलं होतं. नाजिश रडली, तेव्हा कलीम म्हणाला, "शुक्रवारी सकाळी मले गिऱ्हाईक दाखव. दारात लाइन लागली त खराद राहीन. नाई त टेम्पोत जाईन!"

हे ऐकून मी छाती ठोकून सांगितलं, "लाइन मी लावते!"

भोवऱ्याच्या जुन्या भक्तांना मी आमच्या ओट्यावर बोलावलं. आले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही गुडघे धरत. पण फर्माइशी ऐकाल तर अशा!

"आर बदलता आलीच पाह्यजे," पंजाबराव म्हणाले. हे एसटीत कंडक्टर होते. अजूनही बोलताना समोरच्याला मागे सरकवतात. "दुसऱ्याच्या भोवऱ्याले गुच्चे माराले जाड, अन् हातावर घ्याले बारीक."

"अन् आवाज पाह्यजे!" मंजुळाबाई म्हणाली. "माह्या भावाचा भोवरा असा घुमे, का गोठ्यातली म्हैस दूध चोरे."

"तुमचा कसा पाह्यजे, आजी?" नाजिशने मला विचारलं.

"बाभळीचा. तीन निळे पट्टे. अन् आर अशी, का ह्या पंजाबरावच्या भोवऱ्याचे दोन तुकडे झाले पाह्यजे."

"जिंदगी गेली व बाई, अजून तेच!"

"माहा निळ्या पट्ट्यायचा भोवरा तू विहिरीत टाकला!"

"तो आपोआप गेला."

"आपोआप? काठ चढून?"

असं बरंच चाललं. पण माझ्या ध्यानात आलं, की एवढ्या भक्तांची लाइन लावली तर ती दारापासून सुरू होऊन दारातच संपणार. त्यातही निम्मे लोक उभे राहू शकत नाहीत. आणि तेव्हाच मला ती अक्कल सुचली!

झालं होतं असं, की त्या साली कपाशीच्या बीटी बियाण्याची फार मारामार होती. त्यातही एक मोठ्या बोंडाचं वाण. शेजारच्या गावात कोणाला म्हणे ते फार पिकलं होतं. कोणाला ते मात्र कधी कळलं नाही. मृग तोंडावर आला की कृषी केंद्रापुढे लाइन लागायची. माणूस किती वेळ उभा राहणार? म्हणून लाइनीत चपला ठेवायची पद्धत पडली होती. चप्पल ठेवायची आणि घरी जाऊन भाकर खाऊन यायची. माणसाला ढकलता येतं, त्याच्याशी भांडता येतं, पण चपलेला कोणी हात लावत नसे. एवढा मान त्या शेतकऱ्याला स्वतःलाही कुठे मिळत नव्हता!

तेव्हा म्हटलं, माणसं नाहीत तर नाहीत, चपला तर आहेत!

शुक्रवारी उजाडताच आम्ही भक्तांनी घरोघरच्या चपला गोळा केल्या. सुनांच्या, नातवंडांच्या, पाहुणे विसरून गेलेल्या, माळ्यावरच्या, गोठ्यातल्या. आमचे हे झोपलेले होते, त्यांचा नवा जोडही मी उचलला. पंजाबराव तर गमबूट घेऊन आले. फकीरभाईंच्या दारापासून सुरू केलेली ती लाइन पिंपळाच्या पारापर्यंत गेली. मी दुरून पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. असं वाटे, की एखाद्या लग्नाचं अख्खं वऱ्हाड जमिनीत गडप झालं आणि पायताणं तेवढी वर राहिली!

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. फकीरभाईंचा आणि बाजूच्या कृषी केंद्राचा ओटा एकच आहे.

पहिला आला उकंडराव. शेताकडे निघाला होता, खांद्यावर फवारणीचा पंप. लाइन पाहिली, थबकला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कृषी केंद्राच्या शटरवर "माल संपला" अशी पाटी होती. म्हणजे माल नक्की आला असणार! त्याने कोणालाच काही विचारलं नाही. विचारलं तर दुसऱ्याला कळतं ना! गुपचूप चपला काढल्या, लाइनीत ठेवल्या आणि अनवाणी घराकडे पळाला, भावाला उठवायला.

मग भाऊ आला. भावाचा साळा आला. दूधवाल्याने कॅन खाली ठेवले आणि चपला काढल्या. मी आपली चहा घेऊन बसलेली. म्हटलं, वा! लोकांच्या मनात भोवऱ्याबद्दल अजून एवढं प्रेम आहे!

जळगाव जामोदची पहिली गाडी आली तोवर लाइन एसटी स्टँडला लागली होती. कामाला गेलेला कलीम त्याच गाडीतून उतरला. त्याने लाइनीचं शेपूट पाहिलं आणि तो लाइनीसोबत चालत चालत आपल्याच दाराशी आला! त्याचा चेहरा असा झाला, की सोयरीक जमवायला आलेल्या लोकांना पाहून नवरदेवाचाही होत नसेल.

"काकू," तो मला म्हणाला, "मले नव्हतं वाटलं. अब्बाच्या भोवऱ्यासाठी इतले लोक?"

"मंग! म्या काय म्हटलं होतं?"

फकीरभाईंनी जुम्म्याचा धुतलेला कुर्ता सकाळीच अंगात घातला. डोळ्यांत सुरमा घातला. खरादीपुढे बसले आणि पहिलं लाकूड चढवलं. यंत्र खरखरलं आणि लाकडाची साल फराफरा उडू लागली. नाजिशने अर्ध्या दारावर फळी टाकली आणि ती फर्माइशी घ्यायला बसली. बाकी भक्तांच्या झाल्या. बेवारस चपला बाजूला झाल्या. मग उकंडराव पुढे आला. मी तेव्हाच कप ठेवून नाजिशच्या मागे येऊन उभी राहिले.

"कोणता पाह्यजे, काका?"

उकंडराव वाकून हळूच म्हणाला, "ते... मोठ्या बोंडाचं."

"भोवरा कोणता पाह्यजे?"

उकंडरावने मागे वळून पाहिलं. मग पुन्हा नाजिशकडे पाहिलं. "भोवरा घ्याच लागते काय, बाई?"

नाजिशला वाटलं काका थट्टा करतात. ती हसून म्हणाली, "हाव! नाई त लाइनीत काऊन लागले?"

उकंडरावने सुस्कारा सोडला. आणि त्या सुस्काऱ्यात मला सगळं कळलं!

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. त्या दिवसांत बियाण्याची बॅग नुसती मिळतच नसे. काही दुकानदार सोबत न खपणारा माल गळ्यात मारत. बॅग पाहिजे तर पिकाच्या टॉनिकची बाटली घ्या, नाहीतर निघा. याला लिंकिंग म्हणत. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की दुकानदाराने बॅगेसोबत स्वतःची सासू दिली असती तरी त्यांनी मुकाट्याने ट्रॅक्टरमध्ये बसवून नेली असती!

"मांगच्या साली टॉनिक देल्लं, औंदा भोवरा," उकंडराव म्हणाला. "दे बाप्पा. निदान पोट्टे त खेळतीन. टॉनिक त कोंबड्यायनंही नाई पेलं."

"रंग कोणता देऊ?"

"कोणताही टाक."

"असं नाई चालत काका. तुमच्या मनासारखा सांगा."

उकंडरावने डोकं खाजवलं. त्याच्या मनासारखं काय, हे त्याला बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नसावं. पावसाने नाही, भावाने नाही, बँकेने तर नाहीच नाही.

"हिरवा," तो म्हणाला. "नाई, थांब. लाल. हिरवा अन् लाल, एकाआड एक. अन् पोट चांगलं जाड टाकजो, पोरी. मरतुकडा नोको."

"आर?"

"जाड! भावाचा फोडाचा आहे."

लाइनीत कुजबूज मागे मागे पसरली. "औंदा भोवऱ्याची लिंकिंग आहे बे!" आधी शिव्या पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, "घ्याच लागते त मंग पिवळा घेऊ." "पिवळा बावळट दिसते बे!" "तू सांगतं मले? तुह्या भोवऱ्याचे म्या शाळेत तुकडे केले होते!" पाहता पाहता लाइनीत शाळेतली भांडणं उकरून निघाली.

मी तोंड उघडणारच होते. खरंच! पण तेवढ्यात फकीरभाईंनी खरादीवरून पहिला, अजून बिनपट्ट्यांचा भोवरा उतरवला, तळहातावर ठेवला आणि लाइनीकडे असं पाहिलं, जसं बाप बऱ्याच दिवसांनी आलेल्या पोराकडे पाहतो. मी तोंड मिटलं. तुम्ही असता तर तुम्हीही मिटलं असतं.

मलकापूरचा मतीन टेम्पो घेऊन आला, तो या गोंधळात. त्याने लाइन पाहिली, टेम्पो बाजूला लावला आणि चपला काढून शेवटी उभा राहिला! त्याचीही म्हणे मलकापूरकडे दोन एकर जमीन होती.

आणि मग जीप आली.

कोणीतरी तालुक्याला फोन लावला होता, की सोनाळ्यात बियाण्यासोबत भोवरे घ्यायला लावतात! भरारी पथकाच्या जीपमधून एक तरणेताठ साहेब उतरले. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा.

"दुकान कोणाचं आहे?"

"माह्यं," फकीरभाई उठून म्हणाले.

"बियाणं विक्रीचा परवाना दाखवा."

"बियाण्याचा? मी भोवरे करतो, साहेब."

"तेच म्हणतोय मी! किती भोवऱ्यांवर एक बॅग देता?"

फकीरभाईंनी नाजिशकडे पाहिलं. नाजिशने माझ्याकडे पाहिलं. मी पिंपळाकडे पाहिलं.

साहेबांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि बाभळीचे ठोकळे बाहेर काढले. "बियाणं कुठे लपवलंय?"

"याचं बियाणं शेंगेत राह्यते साहेब," फकीरभाई नम्रपणे म्हणाले. "नाल्याकाठी बम झाडं आहेत, लागन तेवढी."

"थट्टा करता? पंचनामा करा! हे यंत्र जप्त करा!"

कलीमचा चेहरा राखेसारखा झाला. नाजिशने खरादीला मिठीच मारली. आता मात्र माझा इलाज नव्हता. भंगारवाल्याच्या टेम्पोतून वाचवलेली खराद मी सरकारच्या जीपमध्ये घालायला निघाले होते!

"साहेब!" मी ओरडले. "इथी बियाणं नाई! ही लाइन भोवऱ्याची आहे. चपला म्या ठेवल्या!"

फकीरभाईंच्या हातातून सुटलेला भोवरा फरशीवर घरंगळत गेला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"म्हंजे... बियाणं नाई?" उकंडराव म्हणाला.

"नाई बाप्पा."

आणि एकदम सगळी माणसं खाली वाकली! सगळ्यांच्या हातात चपला! मी डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला आणि मनात म्हटलं, अन्नपूर्णाबाई, इतकी वर्षं अब्रूने काढली, आता जा चपला खात!

एकही चप्पल आली नाही. डोळे उघडून पाहते तर लोक आपापल्या चपला शोधत होते. त्या ढिगात एकाची एकाला सापडत नव्हती. पंजाबरावांच्या गमबुटात दूधवाल्याचा पाय अडकला होता.

साहेब मात्र अडचणीत सापडले. एवढी जीप घेऊन आले आणि रिकामे कसे जाणार? त्यांनी चष्मा काढला, इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या कृषी केंद्राचा मालक ही मजा पाहायला म्हणून शटर अर्धं वर करून, पोट धरधरून हसत उभा होता. साहेबांची नजर त्याच्या पोटावरून त्याच्या मागे गेली. मागे छतापर्यंत बॅगा रचलेल्या होत्या!

"माल संपला ना?" साहेब म्हणाले. मालकाचं हसू थांबलं.

पुढचं काय सांगू! लाइन तयारच होती. ती नुसती एक शटर बाजूला सरकली. साहेब स्वतः खुर्ची टाकून वाटपाला बसले.

फकीरभाईंच्या दारात मात्र चिटपाखरू उरलं नाही. उरल्या त्या आम्ही आणलेल्या चपला. कलीम त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने एक छोटी, गुलाबी फुलाची चप्पल उचलली.

"काकू, हे कोणाची?"

"...माह्या नातीची."

"अन् हे?"

"माह्या सुनेची."

कलीमने ती चप्पल हळूच खाली ठेवली, ते मला फार लागलं. फकीरभाई खरादीवरचा भुसा फडक्याने पुसू लागले. गावाला निघालेल्या पोराचं तोंड पुसावं, तसं.

"चला मतीनभाई," कलीमने हाक मारली. "उचला."

"थांबा ना भाऊ!" बाजूच्या लाइनीतून मतीन ओरडला. "माहा नंबर येऊन राह्यला!"

म्हणून आम्ही थांबलो. भंगारवाल्याचा नंबर लागेपर्यंत खराद जागच्या जागी. आणि तेवढ्यात उकंडराव बॅगा खांद्यावर घेऊन आला, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात भलत्याचीच चप्पल घालून.

"फकीरभाई, त्या हरामखोरानं साहेब लघवीले उठले तेवढ्यात मले टॉनिक द्याले पाह्यलं! म्या म्हटलं, माही लिंकिंग बाजूले झाली, भोवरा घेतला म्या!" मग तो फळीवर वाकला. "मंग तो हिरवा-लाल कधी भेटते?"

"आता कायचा भोवरा, उकंडराव," कलीम म्हणाला. "बियाणं भेटलं ना तुमाले."

"भेटलं. ते उगवते का नाई, देवाले माहीत. भोवरा त फिरनच ना? म्या मनासारखा सांगितला होता. आता नाई म्हणतं काय बे?"

त्याच्या मागे त्याचा भाऊ उभा होता. "माही आर त्याच्याहून जाड पाह्यजे." त्याच्या मागे दूधवाला, एका पायात गमबूट. सगळेच काही आले नाहीत, बरेच जण शिव्या देत घरी गेले. पण जे आले ते भांडत आले, आणि भांडणारं गिऱ्हाईक पक्कं असतं. शेवटी मतीन आला, बगलेत बॅग. कलीमला वाटलं हा आता खराद मागणार. तो म्हणाला, "मलेही एक. काळा. चांदीचा पट्टा जमते काय?"

कलीमने टेम्पोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि विचारलं, "अब्बा, आर कुठून आणाच्या?"

फकीरभाईंनी यंत्र सुरू केलं.

तर अशी मी खराद वाचवली! मान्य करा. आता माझा निळ्या पट्ट्यांचा भोवरा कधी येतो, एवढंच मी फकीरभाईंना विचारायला गेले.

"नंबरानं," ते म्हणाले. "तुमची चप्पल लाइनीत कुठी होती, बाई?"

मी खाली पाहिलं. गावभरच्या चपला लाइनीत लावल्या आणि माझ्या माझ्या पायातच राहिल्या होत्या! माझा नंबर भंगारवाल्याच्या मागे लागला.

मुकाट्याने घरी आले. अंगणात आमचे हे उकिडवे बसले होते, आणि त्यांच्यापुढे फिरत होता तीन निळ्या पट्ट्यांचा, बाभळीचा, लखलखीत भोवरा!

"हा कुठून आणला?"

"सकाळी उठलो त पायात घालाले चप्पल नाई. शोधत शोधत गेलो, त ते लाइनीत, पार पुढे. म्हटलं, चप्पल लागली त माणसानंही लागावं. फकीरभाईनं पह्यला भोवरा उतरवला, तो माहाच."

"पण निळे पट्टे?"

"पोरीनं विचारलं कसा पाह्यजे. मले काय समजते त्यातलं? म्हटलं, आमच्या घरी लग्न झाल्यापासून ज्याचं कीर्तन ऐकून राह्यलो, तो दे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी हात पुढे केला. त्यांनी भोवरा उचलून बंडीच्या खिशात घातला.

"तुहा नंबर लागंन तवा तुहा फिरव!"

तेव्हापासून मी रोज सकाळी देवपूजा झाली की फकीरभाईंच्या ओट्यावर माझी एक चप्पल ठेवून येते. उगाच आपली. नंबर सरकला तर सरकला.

काल संध्याकाळी आणायला गेले, तर तिच्या मागे चार जोड लागले होते.